तिसऱ्या मजल्यावरचं दळण

प्रश्न : आमची इमारत डोंबिवली पूर्वेला आहे. जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, सोळा बिऱ्हाडं. तिसऱ्या मजल्यावर एक वयस्क जोडपं राहतं. काका ७८ वर्षांचे, काकू ७२ च्या, मुलगी बंगळूरला. पाच आठवड्यांपूर्वी काका न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणलं त्या आठवड्यात सगळी इमारत धावली. एका रात्री पाच घरांतून डबे गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंच अन्न ओल्या कचऱ्यात गेलेलं मी पाहिलं. मदतीसाठी व्हॉट्सॲपवर गट काढला होता, त्यावर आता फक्त सुप्रभात येतं. वर कोणी फारसं जात नाही. मी बँकेत नोकरी करते, घरी यायला साडेसात होतात. मध्ये एकदा वाटीभर आमटी घेऊन गेले, तर काकू म्हणाल्या, "कशाला गं उगाच त्रास घेतलास!" आणि तिथल्या तिथे वाटी घासून, तळाशी साखर घालून परत दिली. त्यांना आवडलं नसावं असं वाटलं. शिवाय वाटीभर आमटीने त्यांचं असं काय भागणार? करावं की नाही, आणि करायचं तर नेमकं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्या साखरेबद्दल. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत काकूंच्या पिढीच्या अंगात मुरलेली आहे. घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर, एखादं लिंबू, कढीपत्त्याची डहाळी, पण वाटीत काहीतरी पडतंच. पाच आठवडे त्या माउलीने फक्त घेतलं आहे. डब्यांपासून सल्ल्यांपर्यंत सगळं. तुमच्या वाटीत साखर घालताना त्यांना घटकाभर का होईना, पुन्हा घरची गृहिणी होता आलं. "कशाला त्रास घेतलास" हे आपल्याकडे आभाराचंच बोलणं आहे. खरंच आवडलं नसतं तर वाटी चार दिवस ओट्यावर पडून राहिली असती आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी हाती तुमच्याकडे आली असती. तेव्हा मनातून ते काढून टाका आणि पुन्हा जा.

हा संकोच जवळजवळ प्रत्येकाला वाटतो. शिकागोत बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानात संशोधकांनी लोकांना गरम चॉकलेटचा एकेक कप दिला आणि तो अनोळखी माणसाला द्यायला सांगितलं. घेणाऱ्याला किती बरं वाटेल याचा देणाऱ्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. कारण साधं आहे. देणारा कपातल्या पेयाची किंमत मोजत असतो, घेणाऱ्यापर्यंत मात्र आपली कोणीतरी आठवण ठेवली ही गोष्ट पोचते. तुम्ही आमटी मोजताय.

आणि एवढ्याशाने काय होतं, याचं उत्तर त्याच शहरातून मिळतं. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. एकमेकींना लागून असलेल्या दोन गरीब वस्त्या होत्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. पहिलीत लाखामागे ४० माणसं गेली, दुसरीत ४. एकटे म्हातारे दोन्हीकडे होते. पण दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले, कोपऱ्यावर दुकानं चालू, माणसांची ये-जा सतत. वृद्धांना घराबाहेर पडावंसं वाटायचं आणि कोण दिसलं, कोण दिसलं नाही, हे इतरांच्या लक्षात यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी रोज कोणाची तरी पावलं थांबणं ही त्याच जातीची गोष्ट आहे.

आता तुमच्या इमारतीचं कुठे बिनसलं ते पाहू, कारण तेच पुन्हा करून उपयोग नाही. मन कोणाचंच कमी पडलं नव्हतं, हिशेब चुकला. पाच डबे म्हणजे दहा-बारा माणसांचं जेवण. खाणारी दोन, आणि त्यांतल्या एकाची औषधांनी अन्नावरची वासना उडालेली. शिवाय पाच घरचे डबे म्हणजे पाच घरच्या वाट्या, झाकणं, चमचे. ते घासायचे, कोणाचं काय ते ओळखायचं आणि वेगवेगळ्या मजल्यांवर पोचवायचं. भांड्यांवर नावं असतात, पण ती कोणाच्या तरी सासूबाईंची किंवा जुन्या लग्नातल्या आहेराची. त्यावरून आजचं घर ओळखू येत नाही. नवऱ्याला संडासापर्यंत धरून नेणाऱ्या बाईला आपण जेवणाबरोबर हे कामही दिलं.

मग नव्याचे नऊ दिवस संपले. गटावर टाकलेला प्रश्न सोळा घरांचा असतो, म्हणजे कोणाचाच नसतो. प्रत्येकाला वाटतं, समोरचे जातच असतील. आणि सगळ्यांनी एक वाक्य ठेवून दिलं, "काही लागलं तर सांगा हं." बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण या वाक्याने सगळं काम गरजवंताच्याच गळ्यात पडतं. काय हवंय ते त्याने ठरवायचं, सोळांतल्या कोणाला सांगायचं ते निवडायचं, वेळ बघायची, भीड मोडायची आणि मग तोंड उघडायचं. भिडस्त माणूस यांतली शेवटची पायरी गाठतच नाही. काकू तुम्हाला कधीही "दळण आणून दे" म्हणणार नाहीत.

आपल्या खेड्यांत याला एक जुनं उत्तर आहे : इर्जिक. एखाद्याची नांगरट अडली की ठरल्या दिवशी गावातल्या बैलजोड्या आपापल्या औतांसह त्याच्या शेतात उतरतात आणि दिवसभरात काम उरकतात. मजुरी नाही, शेतमालकाने सगळ्यांना जेवू घालायचं. त्यातल्या अटी नीट बघा. काम एकच, दिवस ठरलेला, शेवट माहीत असलेला, आणि ज्याला मदत झाली त्याच्या हातूनही काहीतरी दिलं जातं. त्या जेवणामुळे मदत उपकार होत नाही. सावड करतात तिथेही हेच, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तुमच्या इमारतीत डब्यांचा पूर आला, पण दिवस ठरला नव्हता, शेवट ठरला नव्हता आणि काकूंना काही देण्याची सोयही नव्हती. तुम्हाला जे उभं करायचंय ते याच अटींवर करा, आणि सोळा घरं गोळा करायच्या फंदात पडू नका. तुम्ही धरून पाच घरं पुरेत.

गरज काय आहे ते बघायला जिना चढून बघा. पाच आठवड्यांनी दोन माणसांपुरता स्वयंपाक बहुधा काकू स्वतः करतात. अडतो तो जिना. दूध, भाजी, औषधं वर यायला हवीत, ओला आणि सुका कचरा खाली जायला हवा, दळण गिरणीत जायला हवं, महिन्यातून एकदा बँकेत कोणीतरी जायला हवं. काकूंनी यातलं प्रत्येक काम करायचं म्हणजे काकांना एकटं सोडून तीन मजले उतरायचे आणि पुन्हा चढायचे. म्हणून यापुढे डबा हा भाग छोटा ठेवा, पायपीट हा मोठा. ज्यांना आठ-साडेआठला कामावर निघायचं असतं ते जाताना कचऱ्याची पिशवी खाली नेऊ शकतात. त्यांना वेगळा वेळ लागत नाही, फक्त ती पिशवी दाराबाहेर कधी ठेवायची ते ठरलेलं असावं लागतं.

विचारताना "काय हवंय?" असं विचारूच नका. दोन ठरावीक गोष्टी पुढे ठेवा आणि त्यातली निवड त्यांच्यावर सोपवा. "मी शनिवारी भाजीला जातेय, तुमच्यासाठी मेथी आणू की पालक?" याला उत्तर देणं सोपं जातं, कारण तुम्ही जाणारच आहात, त्यांच्यासाठी मुद्दाम जात नाही. "नको" आलं तर एकदाच ऐका, आग्रह करू नका, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारा. तिसऱ्या खेपेला बहुतेक वेळा पिशवी बाहेर येते.

डबा द्यायचा तर आठवड्यातून दोनच दिवस, संध्याकाळचा. वार काकूंना ठरवू द्या, म्हणजे त्यांचे उपासाचे वार आपोआप टळतील. सहा आठवड्यांचे बारा डबे, चार घरांत वाटले तर प्रत्येकी तीन. एवढं कोणालाही जड जात नाही. पाचवं घर तुमचं, तुम्ही डबा करू नका, तुमच्या हातात फक्त पाळीचा कागद. साडेसातला घरी येऊन आठला गरम डबा पोचवायचा म्हटलं तर दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच थकाल.

प्रमाण कमी ठेवा. दोन वृद्ध माणसांना चार फुलके, १५० मिलीच्या वाटीने दोन वाट्या भाजी आणि दोन वाट्या वरण पुरतं. खिचडी केली तर त्याच वाटीने अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि चार वाट्या पाणी. डाळ तांदळाइतकीच घ्या, हाड भरून येताना प्रथिनं लागतात आणि या वयात नेमकी तीच कमी पडतात. मीठ सपाट अर्धा चमचा, लागलं तर वरून घेता येतं, पडलेलं काढता येत नाही. भात किंवा खिचडी शिजल्यापासून दोन तासांच्या आत खाल्ली जावी, एप्रिल-मे महिन्यांत तर तासाभरातच, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून दुपारी केलेला भात रात्रीच्या डब्यात घालू नका.

पहिल्या डब्याआधी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला आपण कौतुकाने नेलेलं नारळपाणी बाधू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. गोळी वॉरफरीन असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं लागतं. आठवडाभर काही नाही आणि मग एका दिवशी पालक-मेथीचा डोंगर, असं झालं की गोळीचं गणित बिघडतं. उपासाच्या दिवशी मधुमेह्याला साबुदाण्याची खिचडी नेण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही न्या. आणि काही घरांत बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत. ते मनाला लावून न घेता निवडलेली भाजी द्या. मेथीची जुडी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली, सोललेल्या लसणाची वाटी, खवलेला अर्धा नारळ. ज्याने कधी एकट्याने आजारपण काढलंय त्याला विचारा, निवडून आलेली मेथी कशी वाटते ते.

डबे काकूंच्याच घरचे वापरा. दोन सारखे डबे त्यांच्याकडून मागून घ्या. एक भरून वर जाईल तेव्हा दुसरा धुतलेला खाली येईल आणि पुढच्या पाळीच्या घरी पोचेल. कोणाची वाटी कोणाकडे, हा प्रश्नच मिटतो. खाली येणाऱ्या डब्यात काकूंनी काही घातलं असेल तर ते तसंच घ्या, "अहो काकू, हे कशाला" म्हणत परत ठेवू नका. पुढे जाऊन, त्यांच्याकडून काहीतरी मागा. लोणच्याचं प्रमाण विचारा. मुलांचं मराठी पाठांतर करून घ्याल का, विचारा. काकांना आकडेमोड आवडत असेल तर सोसायटीच्या जमाखर्चाची वही नजरेखालून घालायला द्या. खुर्चीत बसून होणारं काम आहे, आणि पाच आठवडे पेशंट म्हणून राहिलेल्या माणसाला कोणी काम सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो.

या सगळ्यांत ज्याची किंमत सर्वांत जास्त आणि जे कोणी देत नाही, ते म्हणजे काकूंना दोन तास. आठवड्यातून एकदा कोणीतरी काकांपाशी बसायचं आणि काकूंनी बाहेर पडायचं. देवळात, भजनी मंडळात, दाताच्या डॉक्टरांकडे, नाहीतर नुसतंच फडके रोडवर एक चक्कर. आजाऱ्याची विचारपूस सगळे करतात, त्याचं करणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि पुढच्या खेपेला तीच व्यक्ती आजारी पडते. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी शेजाऱ्यांचं एक मोठं जाळं उभं राहिलं आहे, त्याची मुळं १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या कामात आहेत. तिथेही स्वयंसेवकाकडून आठवड्याला निदान दोन तास मागितले जातात. तुम्हाला रविवारी सकाळी जमेल. बसताना वर्तमानपत्र वाचून दाखवा किंवा गप्प बसा. दुसऱ्या कोणाचं ऑपरेशन कसं फसलं ते सांगायचं नाही, आणि व्यायाम तुम्ही करून घ्यायचे नाहीत. ऑपरेशन सांधा बदलण्याचं की सळई घालण्याचं, यावर काय चालतं आणि काय नाही ते ठरतं, ते फिजिओथेरपिस्टलाच माहीत. जाण्याची वेळ दुपारी एक ते चार कधीच नको. रात्री दुखण्याने झोप लागत नाही, तेव्हा दोघांची जी काय झोप होते ती दुपारीच.

अशा ऑपरेशननंतर साधारण सहाव्या आठवड्यात एक्स-रेसाठी बोलावतात, म्हणजे तुमच्याकडे तो दिवस तोंडावर आला आहे. मुलगीही याच्याच काळजीत असेल. तारीख विचारा आणि दोन माणसं ठरवा. चार पायांचा वॉकर जिन्यावर वापरायचा नसतो, तो एकाने आधीच खाली नेऊन ठेवायचा. काका एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात काठी धरून उतरतील. त्यांना जिना चढायला-उतरायला परवानगी आहे ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. चढताना आधी चांगला पाय. मदतनीस दोन्ही वेळी काकांच्या खालच्या पायरीवर असतो, उतरताना त्यांच्या पुढे, चढताना मागे, म्हणजे तोल गेला तर आधार खालून मिळतो. दंड धरून ओढायचं नाही. प्रत्येक वळणावर घडीचं स्टूल ठेवा, ते खुर्चीपेक्षा वाट कमी अडवतं. आणि आजच जिन्यातले दिवे बघा. जुन्या इमारतीत एक-दोन गेलेलेच असतात. ९ वॅटचा एलईडी दिवा लावायला समितीच्या ठरावाची वाट बघू नका. काकांना जिना उतरायची परवानगी नसेल तर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेण्याचा प्रकार करू नका. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाकतात आणि पायरीवर चौघांची पावलं एकसारखी पडत नाहीत. स्ट्रेचरवाली माणसं देणारी रुग्णवाहिका बोलवा. इमारतीने त्याचे पैसे वाटून घ्यायचे असतील तर ती मदत डब्यांपेक्षा मोठी ठरेल.

पैशांच्या बाबतीत तुम्ही बँकेतल्या आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. पण बाकीच्या चार घरांसाठी लिहितो. वर एक छोटी वही ठेवा. तारीख, काय आणलं, किती दिले, किती परत, पावती वहीत. हिशेब त्याच दिवशी. "राहू दे हो काकू, वीस रुपयांचं काय" असं म्हणू नका, कारण मग पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. एटीएमचा पिन, ओटीपी, सही केलेला कोरा चेक, यांतलं काहीही घ्यायचं नाही, त्यांनी विश्वासाने पुढे केलं तरी. पुढे काही चुकलं तर संशय चांगल्या माणसावर जातो आणि शेजार कायमचा तुटतो. औषधं चिठ्ठीचा फोटो दाखवून आणायची आणि दुकानातच मिलिग्रॅम आणि मुदत वाचायची. "तेच आहे, कंपनी वेगळी" असं दुकानदार म्हणाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

काका निवृत्तिवेतन घेत असतील तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागेल. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० वर्षं पूर्ण झाली की तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्यनिर्वाह निधीचं पेन्शन असेल तर वर्षात कधीही देता येतो आणि तिथून एक वर्ष चालतो. यासाठी जिना उतरायची गरज नाही, २०१४ पासून तो डिजिटल मिळतो आणि आता फोनवर चेहरा दाखवूनही निघतो. आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा) क्रमांक आणि खातेक्रमांक जवळ ठेवून, मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन, काकांच्या समोर बसून करा. तुमच्यासाठी पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यांच्या डोक्यावरचं महिन्याभराचं ओझं.

एक गोष्ट मात्र रोजची हवी. ती अगदी लहान आहे. काकूंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत असते. समोरच्या बिऱ्हाडाने सकाळी नऊ वाजता फक्त बघायचं, ती आत गेली का. गेली असेल तर प्रश्नच नाही, बेल वाजवायची गरज नाही, दोघांनाही रोज सकाळी पाहुणे नको असतात. लटकत असेल तर बेल, मग फोन, मग पाच मिनिटं थांबून किल्ली. किल्लीची एक जोडी बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर काकूंची सही, समोरच्या घरी. सही मोडली की किल्ली वापरली गेल्याचं कळतं, म्हणून द्यायलाही त्यांना संकोच वाटत नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : चालू औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि मुलीचा फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणी पडलेलं दिसलं तर उठवून बसवायची घाई करू नका. हलवू नका, पांघरूण घाला, १०८ लावा. ज्येष्ठांसाठीची देशभराची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे, ती इतर अडचणींसाठी.

मुलीशी तुम्ही एकदा स्वतः बोला. शेजारी लक्ष ठेवून आहेत हे कळल्यावर तिलाही रात्रीची झोप लागेल. पण तिचे निरोप काकूंना आणि काकूंच्या तक्रारी तिला, हा टपालाचा धंदा अंगावर घेऊ नका. तसंच, त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी असतील तर आधी त्यांच्याशी बोला. काका रात्री किती वेळा उठतात, काकू जेवतात की नुसता चहा पितात, हे इमारतीत सगळ्यांत जास्त त्यांना माहीत असतं. त्यांचा रविवारी खाडा असेल तर तोच तुमच्या पाळीचा दिवस. या पाच आठवड्यांत त्यांचं काम किती वाढलं, तेही कोणीतरी विचारायला हवं.

गटावर यातलं काहीही टाकू नका. काकांचा पट्टी बांधलेला फोटो नाही, "आज आमच्याकडून डबा" नाही. पाच जणांचा वेगळा, फक्त तारखांचा कागद तुमच्याकडे. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या रात्री कळवायचं आणि पाळी कोणाशी बदलली तेही सांगायचं. आणि मुदत आधीच जाहीर करा, काकूंनाही : "सहा आठवडे आम्ही असं करतोय, मग बसून ठरवू." बिनमुदतीचं वचन दिलेला माणूस थकला की तिसऱ्या मजल्यावरून जाताना चपला हातात घेऊन जायला लागतो. मुदत असली की थांबताना कोणाला तोंड लपवावं लागत नाही, आणि बहुतेक घरं पुढचे सहा आठवडे घेतातच.

उद्यापासून एवढंच करा. शनिवारी गिरणीत जाताना वर जा आणि म्हणा, "काकू, मी दळण टाकायला चाललेय, तुमचं गव्हाचं देता की ज्वारीचं?" एका खेपेला पाच किलोच्या वर घेऊ नका, तीन मजले ते तुम्हालाच चढवायचंय. डब्यावर चिठ्ठी चिकटवा, धान्याचं नाव आणि तुमच्या घराचा क्रमांक, शनिवारी गिरणीत सारखेच वीस डबे असतात. गव्हानंतर ज्वारी दळली तर पहिलं मूठभर पीठ मिसळलेलं येतं, म्हणून गिरणीवाल्याला आधी कोणाचं काय दळलं ते विचारा, पथ्याच्या घरात याने फरक पडतो. बाजरी दिली तर दोन किलोच्या वर दळू नका, तिचं पीठ लवकर कडवट होतं. आणि वर नेऊन दिल्यावर डब्याचं झाकण काढून ठेवा. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, लगेच बंद केलं तर आत वाफ धरते आणि गोळे होतात. ते निवेपर्यंत काकू तुम्हाला बसायला सांगतील, बसा.